डी.ओ. येईपर्यंत

पुण्यातील वाहनखरेदीच्या तंट्यांचे स्वरूप पन्नास वर्षांत उलटे झाले. १९७०च्या दशकात पैसे तयार असत आणि गाडी मिळत नसे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात तयार होणाऱ्या स्कूटरसाठी शेजारच्या पुणेकरालाही नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्याला घाई असेल तो ‘ऑन’, म्हणजे किमतीवर वरचे पैसे, देऊन दुसऱ्याची नवी गाडी घेई. कर्ज काढायचे तर पगारदारांची पतसंस्था किंवा कॉसमॉस, जनता अशा सहकारी बँका होत्या. दोन जामीनदार मिळवून कर्ज आधीच मंजूर करून घेण्याइतका वेळ प्रतीक्षायादीत आपोआप मिळे.

हप्त्यांवर घेणाऱ्याची कायदेशीर बाजू मात्र लंगडी होती. भाडे-खरेदीचा कायदा संसदेने १९७२ मध्ये संमत केला. तो कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. ग्राहकाची बाजू बळकट झाली ती दुसऱ्या वाटेने. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा हवा ही तिची मागणी होती, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यात अंशतः पैसे भरून उरलेल्याचे वचन देणाराही ‘ग्राहक’ ठरला आणि वित्तपुरवठा ही ‘सेवा’ ठरली. शोरूममधला हप्तेवाला यामुळेच या कायद्याच्या छत्राखाली आला.

हे वेळेवरच झाले. १९८७ मध्ये आकुर्डीतच बजाज ऑटो फायनान्स स्थापन झाली. पुढे बाजार खुला झाला, तसे गाडी आणि कर्ज एकाच टेबलावर मिळू लागले. ग्राहक डाउन पेमेंट भरतो, फायनान्सवाला कागदपत्रे नेतो, आणि सगळे डी.ओ.ची वाट पाहतात. डी.ओ. म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर: गाडी द्या, उरलेली रक्कम आम्ही देतो, असे वित्तसंस्थेचे विक्रेत्याला पत्र. ‘लोन होऊन जाईल’ हे तोंडी आश्वासन आणि डी.ओ. यांच्यातील दिवसांत आजचे बहुतेक तंटे जन्मतात.

कर्ज नामंजूर झाल्यास बुकिंगच्या रकमेचे काय, हे पावतीवरील एका ओळीवर ठरते. खरेदी ‘कर्जमंजुरीच्या अधीन’ असेल, तर १८७२च्या करार कायद्यातील कलम ३२ नुसार अट अशक्य होताच करार संपतो आणि कलम ६५ नुसार घेतलेले परत करावे लागते. तशी ओळ नसेल, तर विक्रेता कपात मागू शकतो. तीही कलम ७४ नुसार वाजवीच असावी लागते. पुणेकर पावतीवरची बारीक अक्षरे वाचण्याबद्दल प्रसिद्ध आहे. बुकिंगच्या दिवशी, पेढे आधीच आणलेले असल्याने, नेमका तोच वाचत नाही.

गाडी ताब्यात आल्यावर कर्ज फिसकटले, तर पारडे बदलते. १९३०च्या मालविक्री कायद्यानुसार माल ग्राहकाच्या रीतसर ताब्यात गेला की पैशांसाठी तो अडवून ठेवण्याचा विक्रेत्याचा हक्क संपतो. किंमत वसूल करायला त्याने दावा करावा. पार्किंगमधून गाडी उचलून नेणे हा त्याचा हक्क नव्हे. ग्राहकाचे देणे मात्र कायम राहते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्याने करायचा आणि नंबर लागेपर्यंत ताबा द्यायचा नाही, असे तिने ठरवले. त्यामुळे कर्ज पक्के होण्याआधीच गाडी घरी पोहोचण्याचे प्रसंग कमी व्हायला हवेत.

नकाराचे कारण लेखी देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बँकांवर घातले, आधी दोन लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी आणि नंतर सर्व कर्जांसाठी. हे पत्र मागून घ्यावे. ग्राहक आयोगापुढे तेच कामी येते. ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी नाही, मुदत दोन वर्षांची.