हवे तेच इंजिन

दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलांना एक अडचण दरवर्षी येते. मावळे बाजारात मिळतात, तोफा मिळतात. पण मनात जो गड असतो त्याचा नेमका बुरूज कुठल्याच दुकानात मिळत नाही. ‘हुबेहूब तोच हवा’ हा हट्ट केवळ मुलांचाच असतो असे मात्र नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये उघडलेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना छोट्या गाड्यांपुढे मोठी माणसेही कशी रंगून जातात हे सांगायला नको. इंग्लंडात तर वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती जमवणाऱ्या प्रौढ गृहस्थांनी हा हट्ट पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालवला आहे. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे.

लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी हे मेकॅनोचे जनक. त्यांच्या कारखान्याने १९२० मध्ये चावीवर पळणाऱ्या आगगाड्या काढल्या. त्यांच्या रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. गाडी फिरवायची म्हणजे घरातली सारी बैठक रिकामी करावी लागे! हॉर्नबी १९३६ मध्ये वारले. पुढे दोनच वर्षांनी कारखान्याने जवळजवळ निम्म्या रुंदीच्या रुळांवर धावणारी ‘हॉर्नबी डब्लो’ गाडी आणली. ती जेवणाच्या टेबलावर मावे. आरंभी इंजिने दोनच होती. एक ‘सर नायजेल ग्रेस्ली’ नावाचे, वारा कापीत जाणाऱ्या आकाराचे मेलगाडीचे इंजिन; दुसरे उपनगरी गाड्या ओढणारे छोटे टँक इंजिन.

आता खरी मेख येथेच होती. १९२३ पासून ब्रिटनची रेल्वे मुख्यतः चार बड्या कंपन्यांत वाटली गेली होती आणि ही दोन्ही इंजिने त्यांपैकी एकीची, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नची होती. माल तर साऱ्या देशभर खपवायचा! तेव्हा कारखान्याने त्या टँक इंजिनालाच चारही कंपन्यांचे रंग दिले. पण ज्या मुलाचे घर ग्रेट वेस्टर्नच्या रुळांलगत, तो काय फसणार? रंग आपला, पण इंजिन परके, हे त्याने क्षणात ओळखले असेल.

कारखानदाराचीही बाजू होती. ओतीव धातूचे इंजिन करायचे तर आधी त्याचा साचा घडवावा लागतो. त्याला खर्च एवढा, की हजारो नग खपल्यावाचून तो भरून निघत नाही. म्हणून प्रत्येक नवे इंजिन फार विचार करून निघे. लंडन मिडलंड अँड स्कॉटिशचे ‘डचेस ऑफ अथॉल’ जाहीर झाले आणि महायुद्ध आडवे आले. ते हाती पडले युद्धानंतरच. ग्रेट वेस्टर्नचे ‘ब्रिस्टल कॅसल’ यायला १९५७ साल उजाडले आणि सदर्नचे ‘बार्नस्टेपल’ आले १९६१ मध्ये. १९३८ साली दहा वर्षांचा असलेला सदर्नवाला मुलगा तोवर तेहतीस वर्षांचा झाला होता! पुढे १९६४ मध्ये हा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला.

ज्यांना धीर धरवत नव्हता त्यांनी करवत आणि कानस हाती घेतली. जुने नकाशे आणि छायाचित्रे मिळवून, पितळी पत्रा कापून, डाख देऊन त्यांनी आपापले इंजिन घरीच घडवले. कुणी सुटे ओतीव भाग आणून ते जुळवले.

मग ११ ऑगस्ट १९६८ चा दिवस आला. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेच्या इंजिनाची शेवटची निरोपाची सफर निघाली, तीही हॉर्नबींच्या लिव्हरपूलहूनच. तिकीट होते पंधरा गिनी. त्या दिवसानंतर हौशी मंडळींच्या मागणीचा अर्थच पालटला. पूर्वी मुलगा रुळांवर दिसणारे इंजिन मागे. आता प्रौढ माणूस रुळांवरून गेलेले इंजिन मागू लागला. नामांकित मेलगाडीच्या इंजिनाइतकीच त्याला आपल्या गावच्या स्टेशनात डबे ढकलणाऱ्या, नाव नसलेल्या इंजिनाची ओढ लागली.

आज साचे संगणकावर आखले जातात, जतन केलेल्या इंजिनांचे माप लेसरच्या किरणांनी घेतले जाते, आणि पुष्कळशी कामे चीनमध्ये होतात. त्यामुळे एके काळी कुणी विचारले नसते अशी साधी इंजिनेही आता निघतात. मागण्यांच्या याद्या मात्र संपत नाहीत.

यांतली सर्वांत मोठी मागणी तर प्रतिकृतीच्या मापात मावलीच नाही. १९४८–४९ मध्ये बांधलेल्या ‘ए-वन’ वर्गाच्या ४९ इंजिनांपैकी एकही उरले नव्हते; शेवटचे १९६६ मध्ये सेवेतून निघून भंगारात गेले. १९९० मध्ये काही हौशी लोकांनी ठरवले, की पन्नासावे आपणच बांधायचे, तेही पूर्ण आकाराचे! आठवड्याला एका पिंट बिअरच्या किमतीएवढी वर्गणी द्या, असे आवाहन त्यांनी केले. बॉयलर जर्मनीतून आला, जुळणी डार्लिंग्टनला झाली आणि २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ स्वतःच्या वाफेवर चालू लागले.

आणि मौज पाहा: ते रुळांवर आले, तशी त्याचीही छोटी प्रतिकृती लवकरच बाजारात आली!