नाकारलेली सवलत : दक्षिण आफ्रिकेतील गांधी कुटुंब आणि मुलांच्या शाळेचा प्रश्न

प्रस्तावना :

परदेशी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबापुढे मुलांच्या शाळेचा प्रश्न बहुधा सोयीचा म्हणून उभा राहतो. वसाहतकालीन नातालमध्ये मात्र तो वर्णाचा आणि हक्काचा प्रश्न होता. मोहनदास करमचंद गांधी जानेवारी १८९७ मध्ये कुटुंबासह डर्बन बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत तीन मुले होती : विधवा बहिणीचा मुलगा, थोरला हरिलाल आणि धाकटा मणिलाल. त्यांची वये आत्मकथेत अनुक्रमे १०, ९ व ५ अशी दिली आहेत. या मुलांना कोणत्या शाळेत घालावे, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

उपलब्ध पर्याय :

युरोपीय मुलांच्या शाळेत गांधींच्या मुलांना प्रवेश मिळू शकला असता. परंतु तो केवळ मेहेरबानी आणि अपवाद म्हणून. इतर हिंदी मुलांना त्या शाळांचे दार बंद होते. मिशनऱ्यांच्या शाळा खुल्या होत्या; पण तेथील शिक्षण गांधींना पसंत नव्हते आणि गुजरातीतून शिकण्याची सोय तेथे नव्हती. मुलांना हिंदुस्थानात ठेवावे, तर लहान वयात आईवडिलांपासून दूर करणे त्यांना मान्य नव्हते. तरीही भाचा व हरिलाल यांना काही महिने तिकडील वसतिगृहयुक्त शाळांत पाठवून पाहिले आणि परत बोलावून घेतले. अखेर दरमहा ७ पौंड वेतनावर एक इंग्रज शिक्षिका घरी नेमण्यात आली. गुजराती शिकविण्याचे काम गांधींनी स्वतःकडे घेतले. पण वकिली आणि सार्वजनिक कार्य यांतून त्याला नियमित वेळ कधीच मिळाला नाही.

हा निर्णय पुढील 'नयी तालीम'चे बीज म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु वर्धा शिक्षण परिषद १९३७ मधील, म्हणजे चाळीस वर्षांनंतरची. १८९७ मधील कारण त्याहून साधे होते : जे सर्व हिंदी मुलांना मिळत नाही, ते आपल्या मुलांसाठी घ्यावयाचे नाही. या कारणाचे नैतिक बळ निर्विवाद आहे. मात्र सवलत बापाने नाकारली आणि तिची किंमत मुलांनी मोजली, हेही तितकेच खरे. स्वतः गांधी राजकोटच्या हायस्कुलात इंग्रजीतून शिकून लंडनला बॅरिस्टर झाले होते. एखादा पदवीधर किंवा नुसता मॅट्रिक झालेला भेटला तरी आपल्या मुलांना उणीव जाणवते, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे.

हरिलाल :

ही किंमत सर्वांत अधिक हरिलाल यांना मोजावी लागली. १९०८ पासून ते सत्याग्रहात वारंवार तुरुंगात गेले. डॉ. प्राणजीवन मेहता यांनी इंग्लंडमधील शिक्षणासाठी देऊ केलेली शिष्यवृत्ती प्रथम पुतणे छगनलाल यांना आणि ते प्रकृतीमुळे परतल्यावर सोराबजी अडाजणिया यांना मिळाली. आपला मुलगा म्हणून त्याला झुकते माप नको, हे तत्त्व येथेही दिसते. फक्त या वेळी मुलगा सज्ञान होता आणि त्याला स्वतःची इच्छा होती. १९११ मध्ये हरिलाल वडिलांना सोडून हिंदुस्थानात आले व अहमदाबादेत मॅट्रिकच्या अभ्यासास बसले. ती परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही.

टॉलस्टॉय फार्म ते शांतिनिकेतन :

दरम्यान १९१० मध्ये हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या सुमारे ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. तेथे सत्याग्रहींची हिंदू, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती मुले एकत्र शिकली. सकाळी श्रम, जेवणानंतर वर्ग. तमिळ व उर्दू शिकविण्याइतके स्वतःचे ज्ञान अपुरे होते, हे गांधींनी लपविले नाही. थकव्याने गुरू व शिष्य दोघेही पेंगत, हा तपशीलही त्यांचाच.

गांधींनी दक्षिण आफ्रिका सोडल्यावर फिनिक्स आश्रमातील मुले मगनलाल गांधी यांच्यासोबत आधी हिंदुस्थानात पोहोचली. त्यांच्यापुढे शाळेचा प्रश्न उलट दिशेने उभा राहिला. काही काळ कांगडीचे गुरुकुल आणि नंतर शांतिनिकेतन येथे त्यांची सोय झाली. १९१५ च्या प्रारंभी तेथेच त्यांचा परिचय साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकर यांच्याशी झाला. अहमदाबादच्या आश्रमातील शाळेत शिकविण्याचे काम पुढे कालेलकरांकडे आले.