थुंकी तपासणी
थुंकी तपासणी : फुप्फुसाच्या क्षयरोगाचे निदान करण्यासाठी खोकून काढलेल्या बेडक्याची केली जाणारी तपासणी. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. पुढे झील आणि नेल्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी रंजनपद्धती रूढ झाली. भारतात दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रौढांची ही तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत मोफत होते.

नमुना घेणे : लाळ चालत नाही, छातीतून सुटलेला घट्ट बेडका लागतो. साध्या पाण्याने चूळ भरून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, थोडा रोखावा आणि जोरात खोकून २ ते ५ मिलि. बेडका डबीत धरावा. ही रीत कर्मचाऱ्याने आधी करून दाखवली, तर नमुना पुष्कळ सुधारतो. सहसा दोन नमुने घेतात : एक लगेच आणि एक पहाटे उठल्याबरोबर. बेडका सुटत नसल्यास खाऱ्या पाण्याची वाफ देऊन तो सैल करतात.

सुरक्षितता : खोकताना उडणारे सूक्ष्म थेंब हाच संसर्गाचा मार्ग असल्याने नमुना मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर घ्यावा, बंद खोलीत किंवा शौचालयात घेऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या किंवा वृद्धाश्रमातील रुग्णाला शक्य असल्यास उठवून बसवावे आणि खिडक्या उघडाव्यात. कर्मचाऱ्याने एन-९५ मास्क लावावा व रुग्णाच्या समोर उभे राहू नये. नाव व क्रमांक झाकणावर न लिहिता डबीवर लिहावा, कारण झाकणांची अदलाबदल होते. डबी घट्ट बंद करून तिहेरी वेष्टनात पाठवावी. उशीर होणार असल्यास २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी. वापरलेला नमुना जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार प्रयोगशाळेतच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यावा लागतो.

तपासणी : काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर देऊन तो रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर जंतू लाल दिसतात. १०० क्षेत्रांत १ ते ९ जंतू असल्यास नेमकी संख्या नोंदवतात. १० ते ९९ असल्यास १+ श्रेणी देतात. मात्र दर मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय या पद्धतीने ते सापडत नाहीत. म्हणून आता जंतूची जनुके शोधणाऱ्या सीबीनॅट व ट्रूनॅट या चाचण्यांना प्राधान्य आहे. रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही त्यांतून काही तासांत कळते. ट्रूनॅट ही गोव्यातील मोलबायो कंपनीची चाचणी असून तिचे यंत्र बॅटरीवर चालते. त्यामुळे प्राथमिक आरोग्यकेंद्रातही ते वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिला मान्यता दिली. जंतू वाढवून पाहणारी संवर्धन चाचणी या चाचण्यांहून संवेदनक्षम आहे, पण तिला कित्येक आठवडे लागतात.

अहवालाचा अर्थ : जंतू न आढळणे म्हणजे क्षय नसणे नव्हे. डबीत लाळच गेली असेल, तर उत्तम यंत्रही फसते. खोकला, ताप किंवा वजनातील घट कायम असल्यास रुग्णाने पुन्हा नमुना द्यावा, क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. आणि केंद्राने त्याला रिकाम्या हाती परत पाठवू नये.