रुळातला तडा आणि मुलाचे हृदय

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाताना वरोरा स्टेशन लागते. देशातल्या इतर लोहमार्गांप्रमाणे याही मार्गाचे रूळ श्राव्यातीत ध्वनीने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने, तपासले जातात. रुळावरून ढकलत नेलेले छोटे यंत्र पोलादात ध्वनी सोडते. आत तडा असेल तर तेथून प्रतिध्वनी परततो. रूळ कापावा लागत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे हृदय पाहणारी 'इको' तपासणी याच यंत्राच्या घराण्यातली आहे.

स्वीडनमधील लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना झडपेचा दोष छाती न उघडता पाहायचा होता. हेलमुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने माल्मोच्या जहाजगोदीतले धातू तपासण्याचे यंत्र स्वतःच्या छातीला लावले, तेव्हा ठोक्याबरोबर हलणारा प्रतिध्वनी पडद्यावर दिसला. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या अशा हालचालीची पहिली नोंद घेतली. (वारंवारतेच्या एककाला ज्यांचे नाव आहे ते हाइनरिख हर्ट्झ याच कुटुंबातले.) सर्वांत ठळक प्रतिध्वनी त्यांना आधी डाव्या कर्णिकेच्या भिंतीचा वाटला. मृतदेहांवर पडताळल्यावर तो द्विदल झडपेच्या पाकळीचा निघाला! आमच्या मते या शास्त्राचा खरा पाया त्या दुरुस्तीत आहे.

मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. 'टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो' या जन्मजात दोषात मूल निळे पडते. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे अशा मुलांसाठी रक्ताची पर्यायी वाट जोडण्यात आली; १९५४ मध्ये मिनिआपोलिस येथे दोषाची हृदयाच्या आतून दुरुस्ती झाली. मुले जगू लागली आणि नवा प्रश्न आला. दुरुस्तीनंतर फुप्फुसाकडील झडप अनेकदा गळते आणि उजवी जवनिका वर्षानुवर्षे हळूहळू फुगते. म्हणजे पाहणी आयुष्यभर हवी. दर वेळी शिरेतून नळी घालून क्ष-किरणांखाली पाहणे मुलाला कसे परवडणार?

नळीचे बरेच काम पुढे डॉप्लर परिणामाने केले. रक्ताच्या धारेचा वेग प्रतिध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेवरून कळतो. वेगावरून दाबातील फरक काढण्याची सोपी रीत १९७० च्या दशकात नॉर्वेत रूढ झाली: वेगाचा वर्ग गुणिले ४. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर फरक ३६ मिलिमीटर पारा. हा ४ कोठून आला, हे अकरावीच्या विद्यार्थ्यांना बर्नुलीच्या समीकरणावरून काढायला सांगावे. रक्ताची घनता घनमीटरला १०६० किलोग्रॅम आणि १ मिलिमीटर पारा म्हणजे १३३ पास्कल, एवढे पुरते.

मर्यादाही आहेत. हवा ध्वनी परतवते, म्हणून रुळावर पाणी लागते आणि मुलाच्या छातीवर जेली. फुप्फुसातल्या हवेला मात्र उपाय नाही. उरोस्थीमागची उजवी जवनिका इकोला नीट मापता येत नाही. तिचे आकारमान एमआरआयने अधिक विश्वासाने मोजतात. त्यात क्ष-किरण नसतात, पण बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते, आणि लहान मुलांना त्यासाठी अनेकदा औषध देऊन झोपवावे लागते.

मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होऊन मूल वरोऱ्याच्या शाळेत परतते, कवायतीत पळतेही. झडपेची गळती पळताना दिसत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हा अशा मुलाला 'ऑपरेशन झालेले आहे' म्हणून रांगेतून वगळू नये. शेवटचा इको केव्हा झाला, हे त्याच्या कागदावर पाहून पथकाला सांगावे.