पैलवानाला खुराक, आणि पोरीला फक्त फोटो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत बसा, पण अर्धवट सोडू नका.

परवा रविवारी संध्याकाळी गावच्या तालमीत बैठक झाली. तीस-पस्तीस माणसं होती. विषय आपल्या सगळ्यांना माहीत असलेला: वरच्या आळीतली सतरा वर्षांची पोरगी. चार वर्षांमागं गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली तिचा डावा पाय गेला, गुडघ्याच्या वर. आता ती बसून गोळाफेक करते. तिला राज्य पातळीवर उतरायचं आहे. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते. पोरीचं नाव इथं लिहीत नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाली, "काका, आधी गोळा लांब जाऊ दे, मग लिवा."

बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "सरकार काय करतंय? आपण वर्गणी कशाला काढायची?" प्रश्न रास्त होता. मी तिथं दोन मिनिटं बोललो, पण ते काही धड झालं नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं, म्हणून हे लिहितोय.

गोष्ट सुरू करावी लागते ती आपल्याच भागातल्या खाशाबा जाधवांपासून. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५७ किलो गटात ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण तो हेलसिंकीला पोचला कसा, हे सांगताना आपण घाई करतो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला होता. तिथं खाशाबा सहावे आले. चार वर्षांनी पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा जमवाजमव गोळेश्वरपासून कोल्हापूरपर्यंत झाली. गावकऱ्यांनी जमेल तसे दिले, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! एका कॉलेजच्या प्राचार्यानं एका विद्यार्थ्यासाठी घराचे कागद दुसऱ्याच्या हातात दिले. घरात त्या रात्री काय बोलणं झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळे सांगतात. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. खाशाबांनी कुस्त्या केल्या, त्यातून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. म्हणजे ती भीक नव्हती आणि उपकारही नव्हता. तो व्यवहार होता, विश्वासावरचा. देणाऱ्याला ठाऊक होतं की हा पोरगा लढणार आहे, आणि घेणाऱ्याला ठाऊक होतं की हे फेडायचं आहे.

आता जरा मागं, १९४८ ला येतो. २९ जुलै १९४८. लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन त्या दिवशी झालं. आपले खाशाबा तेव्हा लंडनमध्येच होते. नेमक्या त्याच दिवशी, लंडनपासून फार लांब नसलेल्या स्टोक मँडेव्हिल नावाच्या हॉस्पिटलच्या आवारात आणखी एक स्पर्धा झाली. मैदानात सोळा खेळाडू, सगळे व्हीलचेअरवर. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला मार बसलेले सैनिक, त्यात दोन बायका. खेळ धनुर्विद्येचा. ती भरवली होती लुडविग गुटमन या डॉक्टरनं. हा ज्यू माणूस हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडला आलेला. कण्याला मार बसलेला माणूस खाटेवर पडून पाठीला जखमा होऊन मरायचा, असा तो काळ. गुटमन म्हणाला, यांना उठवा, कामाला लावा, खेळायला लावा. त्या सोळा जणांच्या खेळातून पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं. पहिलं १९६० ला रोमला झालं.

एकाच दिवशी, एकाच देशात या दोन गोष्टी. आपल्याला त्यातली एकच माहीत, कारण दुसरीत आपला माणूस नव्हता. तो यायला वीस वर्षं लागली, आणि तोही आपल्याच जिल्ह्याच्या पट्ट्यातून आला.

मुरलीकांत पेटकर. पेठ इस्लामपूरचे, १९४४ चा जन्म. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा आल्यापासून नाव घरोघरी गेलं, पण मला विचाराल तर सिनेमापेक्षा नुसता घटनाक्रमच जास्त जबरदस्त आहे. लहानपणी कुस्ती, मग सैन्यात ईएमईमध्ये भरती, तिथं बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात रुतून बसली. कमरेखालचं अंग गेलं. मुंबईत उपचार चालू असताना व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं, आणि बॉक्सर होता तो पोहणारा झाला. १९६८ ला तेल अविवच्या पॅरालिम्पिकला ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण मिळवलं, तेही विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. (ऑलिम्पिक त्या वर्षी म्युनिकला होतं. पॅरालिम्पिक तिथं होऊ शकलं नाही, कारण खेळाडूंच्या निवासाची जागा ऑलिम्पिक संपताच फ्लॅट म्हणून द्यायची होती! जर्मनीतसुद्धा बिल्डरचं गणित आधी.)

पेटकरांच्या मागं तेव्हा कोण उभं राहिलं? सैन्य होतंच. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदतीचा हात दिला. ते अपंगांसाठी बरंच काम करायचे. पण बैलगाड्यांची मिरवणूक? गहाण टाकलेलं घर? तसं काही माझ्या वाचनात नाही. नंतर पेटकर पुण्यात टेल्कोत नोकरी करत राहिले. पद्मश्री मिळाली २०१८ ला. १९७२ आणि २०१८, मधली वर्षं तुम्हीच मोजा.

खाशाबा आणि पेटकर, दोघंही कुस्तीच्या मातीतले, दोघांची गावं एका दिवसात बघून होतील इतकी जवळ. मग एकाला गाव मिळालं आणि दुसऱ्याला नाही, असं का? खाशाबांनाही सरकारदरबारी न्याय उशिराच मिळाला. ते १९८४ ला अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर कैक वर्षांनी आला. पण गाव त्यांच्याबरोबर होतं. मला वाटतं, याचं उत्तर आपल्या तालमीतच सापडतं.

पैलवान सांभाळणं गावाला शिकवावं लागत नाही. पोरगा तालमीत राहतो, त्याला खुराक लागतो. कुणी दूध लावतं, कुणी बदाम देतं, कुणी तुपाचा डबा पाठवतं. जत्रेच्या मैदानाला इनामाची वर्गणी घरटी निघते. त्यात गरीब घरंही दहा-वीस रुपये टाकतात आणि मग त्याच हक्कानं कडेला बसून पैलवानाला शिव्याही घालतात, "आरं, पट काढ की!" कुणी म्हणत नाही की बिचाऱ्याला मदत केली. आपला पैलवान, आपला खुराक.

अपंग माणसाच्या बाबतीत आपल्याकडं एकच खण आहे, दयेचा. सायकल वाटप, कुबड्या वाटप, धान्याचं किट. देणाऱ्याचा हात फोटोत आला पाहिजे.

यात मी माझा वाटा आधी कबूल करतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नवीनच कामाला लागलो होतो तेव्हा तालुक्याला तीनचाकी सायकल वाटपाचा कार्यक्रम कव्हर केला. फोटोत पुढारी पाच, सायकलवरचा मुलगा एक. पानावर जागा कमी होती, फोटो कापायचा होता. मी मुलाकडची बाजू कापली. छापून आल्यावर त्याचा बाप अंक घेऊन मला शोधत आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सायबांचं सगळ्यांचं छान आलंय." आज वीस वर्षं होत आली, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यानंतरही 'अपंगत्वावर मात' हा मथळा मी किती वेळा दिला असेल, मोजदाद नाही. मथळा देणं फुकट असतं.

आता ताजी गोष्ट. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळेत असताना सायकलवरून पडला, हाताला गँगरीन झालं, डावा हात निकामी झाला. शिकून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात गोळा फेकला १६.३२ मीटर आणि रौप्य मिळवलं. सोन्यापासून सहा सेंटीमीटर लांब. भारताच्या पुरुषाला पॅरालिम्पिकच्या गोळाफेकीत त्याआधीचं पदक मिळालं होतं १९८४ ला, जोगिंदरसिंग बेदींना. चाळीस वर्षांनंतर ते दार उघडलं दुष्काळी आटपाडीच्या पोरानं. सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरचा दिलीप गावित, करमाळ्याचा जलतरणपटू सुयश जाधव, हेही बघा. कुणाच्या मागं बाप आहे, कुणाच्या मागं एक वेडा कोच. पदक आलं की हार घेऊन सगळेच येतात, बक्षीसही जाहीर होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे. पण खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते पदकाच्या आधी.

आता "सरकार काय करतंय" याकडं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाचं स्वतंत्र कलम आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीनं, नगरपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे कुणाच्या खिशातून मागायचे नाहीत, ते आहेतच. पुढच्या ग्रामसभेला हा विषय घेण्याचा अर्ज मी दिलाय. तुम्ही फक्त हजर राहा. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर दोष कुणाला द्यायचा?

पण ग्रामसभा होईल तेव्हा होईल. पोरीला लागणाऱ्या गोष्टी आजच्या आहेत. तिचा गोळा तीन किलोचा. बसून फेकणाऱ्यांना लोखंडी खुर्ची लागते, ती जमिनीला पट्ट्यांनी जखडावी लागते, कारण फेकताना खुर्ची हलली तर जोर वाया जातो. आणि फेकताना बूड उचललं की फाऊल. तयार खुर्ची महाग आहे. शिवाय एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना सवलत असली तरी ती खुर्ची एसटीत चढवायची कशी? स्पर्धेच्या ठिकाणी नेण्याआणण्याला गाडी लागणार, आईचा बुडणारा रोज धरावा लागणार, आणि खुराक. हो, खुराकच. तालमीतल्या पोरांना लागतो तोच.

बैठकीत वस्तादांनी शेवटी एकच वाक्य टाकलं, "तालमीच्या वहीत तिचं नाव लावा." म्हणजे तिचा हिशोब वेगळा 'मदत निधी' म्हणून नाही, पैलवानांच्या खुराकाच्या वहीतच. एका मंडळानं यंदा डीजेचे पैसे द्यायचं कबूल केलं. (कबूल केलंय, अजून दिलेले नाहीत. इथं लिहितोय ते मुद्दाम.) दूध डेअरीवाल्यानं रोजचं एक लिटर लावलं. दोघं-तिघं उठून गेले, त्यांच्यावर माझा राग नाही. मागं एका आजारी पोराच्या नावानं जमवलेल्या पैशाचा हिशोब गावाला कधीच मिळाला नव्हता, ते विसरलेले नाहीत. म्हणून ही वही तालमीच्या दारात टांगलेली असेल. कुणीही उघडून बघा. दहा रुपये दिले तरी लिहून घ्या.

खुर्चीचं काम स्टँडमागच्या फॅब्रिकेशनवाल्यानं अंगावर घेतलंय, लोखंडाचे पैसे घेणार, मजुरी नाही. मंगळवारी त्याच्याकडं पोरीला घेऊन गेलो. नियम असा की बैठकीची उंची ७५ सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. त्यानं टेप लावला, पोरीला बसवलं, उठवलं, परत बसवलं, आणि मला विचारलं, "उशी धरून पंच्याहत्तर का उशी सोडून?" मला पटकन सांगता येईना. पोरीनंच उत्तर दिलं, "उशी धरून." त्यानं चारही पाय परत कापायला घेतले.

शुक्रवारी खुर्ची तयार होतेय. शनिवारी सकाळी सहाला मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत पहिली फेक आहे.