चौलचे फिरंगी आणि निजामशाहीचे राजकारण

सलाहुद्दीन अय्यूबीचे नाव निघाले की आपल्याला 1187 मधली जेरुसलेमची फतह आठवते. पाच वर्षांनी, सप्टेंबर 1192 मध्ये, याच सलाहुद्दीनने इंग्लंडच्या रिचर्डशी तह केला, किनाऱ्याची पट्टी क्रुसेडर्सकडे राहू दिली आणि निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना जेरुसलेमची वाट मोकळी केली. ही गोष्ट आपल्या तकरिरींत क्वचितच येते. मुस्लिम सुलतान म्हणजे अखंड जिहाद, असे आपले विरोधक म्हणतात. आपल्यातलेही काही जण अभिमानाने तेच म्हणतात. दोघांनीही एकदा चौलचा इतिहास वाचावा.

चौलच का? अरब लोक क्रुसेडर्सना ‘इफ्रंज’ किंवा ‘फिरंज’ म्हणत. तोच शब्द फारसीतून दख्खनमध्ये आला आणि मराठीत ‘फिरंगी’ झाला. 1660 मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्याच्या नावातही तो ऐकू येतो. आपल्या किनाऱ्यावर फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, आणि क्रुसेडशी त्यांचे नाते केवळ शब्दापुरते नव्हते. त्यांच्या शिडांवरचा क्रूस ‘ऑर्डर ऑफ क्राइस्ट’ या संघटनेचा. पोर्तुगालमधल्या टेम्पलर योद्ध्यांची मालमत्ता 1319 मध्ये याच संघटनेकडे आली होती. 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने शहरातल्या मुसलमानांची कित्येक दिवस कत्तल चालवली आणि आपल्या राजाला ते पत्राने अभिमानाने कळवले.

त्याआधी दोन वर्षे, मार्च 1508 मध्ये, चौलच्या खाडीत एक मोठी लढाई झाली. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आले होते आणि दीवचा मलिक अयाज त्याच्या मदतीला होता. पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो तिथे मारला गेला. हेच ते मामलुक, ज्यांनी 1291 मध्ये अक्का जिंकून क्रुसेडर्सची सत्ता शामच्या किनाऱ्यावरून उखडली. म्हणजे क्रुसेडच्या लढाईचा एक उशिराचा तुकडा अलिबागजवळ लढला गेला, असे म्हटले तरी चालेल. पुढच्याच वर्षी दीवला अल्मेदाने याचा सूड घेतला आणि मामलुकांचा हिंदी महासागरातला डाव संपला.

चौल बंदर निजामशाहीचे. मलिक अहमदने जुन्नरला बस्तान बसवले, चाकणचा किल्ला घेतला आणि 1490 मध्ये तो बहमनींपासून वेगळा झाला. चाकण-जुन्नरचा मुलूख, खाली उतरणारे घाट आणि चौल हे एकाच राज्यात आले. आज चाकणचे कंटेनर न्हावाशेव्याकडे जातात, तेव्हा माल चौलकडे जाई आणि येताना अरबस्तान-इराणचे घोडे घाट चढत. घोडा नाही तर फौज नाही, आणि घोड्यांचा समुद्र आता फिरंग्यांच्या ताब्यात होता. गोव्याहून घोडे विजापूरला द्यायचे की विजयनगरला, हे तेच ठरवत.

मग पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाने काय केले? 1521 मध्ये त्याने पोर्तुगीजांना चौलला, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायची परवानगी दिली. बदल्यात चौलला घोडे उतरावेत, ही त्याची अट. गंमत अशी की हा किल्ला उभा राहू नये म्हणून मलिक अयाजची गलबते येऊन भिडली. एक मुस्लिम सत्ता फिरंग्यांना जागा देते आणि दुसरी तीच जागा उधळायला येते. यात उम्मत शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

या व्यवहाराची किंमत होती, आणि ती नेहमी सुलतानांनीच मोजली असे नाही. समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना, ‘कार्ताझ’, घेतल्याशिवाय जहाज सुरक्षित नसे. हाजींची जहाजेही त्यातून सुटली नाहीत. परवान्यावर ईसा आणि मरियमच्या तसबिरी असत, म्हणून तो घेऊन हजला जाणे फर्ज उरत नाही, असा फतवा अकबराच्या दरबारातल्या एका बड्या आलिमाने दिल्याचे बदायुनी सांगतो. इकडे इब्राहिम आदिलशाहाने 1543 मध्ये बारदेस आणि साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकले. पुढे तिथली देवळे पाडली गेली, ती त्याच्याच कालपर्यंतच्या हिंदू रयतेची. मला हा त्या राजकारणातला सर्वांत लाजिरवाणा भाग वाटतो.

फिरंगी डोईजड होत गेले तसे सुलतान एकत्र आले. 1570 मध्ये अली आदिलशाहाने गोव्याला आणि मुर्तजा निजामशाहाने चौलला वेढा घातला. तिसरा भिडू कालिकतचा हिंदू राजा, सामुतिरी. चौलला हबशी सरदार फरहादखान पुढे होता. शहराला धड तटबंदी नव्हती, तरी सुमारे सहा महिने झुंजून पोर्तुगीजांनी ते राखले. तरुणपणी मुर्तजाच्याच दरबारात राहिलेला फरिश्ता लिहितो की निजामशाही सरदारांना नजराण्यांनी, विशेषतः फिरंगी दारूने, फितवले होते. तोफांपुढे नव्हे, दारूपुढे हरलेली मोहीम! जुलै 1571 मध्ये मुर्तजाने तह केला, वर्षअखेरीस आदिलशाहानेही. तिघांपैकी ठोस काही मिळवले ते एकट्या सामुतिरीने: कालिकतजवळचा चालियमचा पोर्तुगीज किल्ला त्याने घेतला आणि पाडून टाकला.

मलबारचे आलिम शेख जैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफतुल मुजाहिदीन’ लिहिले ते या सगळ्यानंतर. पुस्तक फिरंग्यांविरुद्ध जिहादची हाक देते आणि अली आदिलशाहाला अर्पण केलेले आहे. पण त्यात मनापासून कौतुक आहे ते सामुतिरीचे, कारण आपल्या मुस्लिम रयतेसाठी तो लढला. जिहादवर लिहिणाऱ्या आलिमाला एका हिंदू राजाची तारीफ करताना अडचण वाटली नाही. आज हे पुस्तक न वाचता त्याचा दाखला देणारे दोन्ही बाजूंना आहेत.

निजामशाहीने आणखी एकदा जोर लावला. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने रेवदंड्यासमोर, खाडीच्या पलीकडे, कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारून तोफा रोखल्या. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी तोही जिंकला. पुढच्याच वर्षी मोगल फौजा अहमदनगरच्या तटाखाली आल्या, आणि फिरंग्यांचा प्रश्न चांदबीबीच्या दरबारात मागे पडला. कोर्लईच्या पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात मराठीच्या वळणाची पोर्तुगीज बोलतात.