पोटातली जुनी सूज अंगावर काढू नका : स्वादुपिंडाचा दाह आणि कर्करोग यांचं नातं समजून घ्या

आरोग्य विशेष

पोटात दुखलं की आपण पहिला शब्द काढतो तो 'ॲसिडिटी'. मेडिकलमधून गोळी घ्यायची, सोडा प्यायचा आणि कामाला लागायचं. बऱ्याच वेळा ती ॲसिडिटीच असते. पण बेंबीच्या वर उठून थेट पाठीत जाणारी, जेवल्यावर वाढणारी आणि काही दिवसांनी पुन्हा येणारी कळ स्वादुपिंडाची असू शकते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचं १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं निधन झालं, तेव्हा हा आजार बातम्यांत आला. त्याच स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

स्वादुपिंड कुठे असतं?

जठराच्या मागं, पाठीच्या कण्याच्या पुढं आडवी पडलेली साधारण १५ सेंटीमीटर लांबीची ही ग्रंथी आहे. तिची कामं दोन : अन्न पचवणारा रस तयार करणं आणि रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन बनवणं. ती इतकी खोल असते की आत गाठ झाली तरी सुरुवातीला हाताला लागत नाही.

सूज कशी येते?

पाचक रस आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतो. पण पित्ताशयातला खडा सरकून वाट अडली किंवा दारूनं पेशी दुखावल्या, तर हा रस ग्रंथीच्या आतच जागा होतो आणि तिलाच पचवू लागतो. अशी अचानक आलेली सूज बहुतेकांची दवाखान्यात उपचार घेऊन उतरते.

खरा धोका सूज पुन्हा पुन्हा येण्यात आहे. दर वेळी थोडा भाग मरतो आणि तिथं कडक वण तयार होतो. नळीत खडे होतात. मग तेलकट, घाण वासाची शौचाला होते, वजन उतरतं आणि पुढं मधुमेह जडतो. दारू आणि धूम्रपान ही याची मोठी कारणं. पण काहींना जनुकीय दोषामुळंही हा आजार होतो, त्यामुळं 'तो तर दारूला शिवत नाही' म्हणून निर्धास्त राहू नये.

सुजेतून कर्करोग कसा?

सूज ही शरीराची दुरुस्ती असते. हाताला कापलं की तिथं लाली येते, सूज येते, खपली धरते आणि काम संपतं. स्वादुपिंडात मात्र जखम भरायच्या आत दुसरी होते. नव्या पेशी सतत बनत राहतात आणि प्रत्येक वेळी जनुकांत चूक होण्याची शक्यता वाढते.

या कर्करोगाच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या गाठीत 'केरास' नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग इथं महत्त्वाचा आहे. प्रौढ उंदरांत नुसता हा बिघाड घडवला तर कर्करोग झाला नाही. त्याच उंदरांच्या स्वादुपिंडाला सौम्य पण सतत सूज आणली, तेव्हा झाला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बिघाड हे बी आणि सूज हा वाफसा.

गाठ झाल्यावरही सूज पाठ सोडत नाही. गाठीभोवती वणासारखं दाट आवरण तयार होतं आणि त्यातून औषध आत पोचणं अवघड जातं.

मग सगळ्यांनाच होतो का?

नाही. १९९३ मध्ये सहा देशांतल्या २,०१५ जुनाट रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २० वर्षांत १०० पैकी सुमारे ४ जणांना कर्करोग होण्याचा धोका दिसला. म्हणजे बहुतेकांना होत नाही, पण सर्वसाधारण माणसापेक्षा धोका कितीतरी पट जास्त असतो. घराण्यात पिढ्यान् पिढ्या हा दाह असेल तर तो आणखी मोठा.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

• वरच्या पोटातून पाठीत जाणारं, वारंवार येणारं दुखणं
• कारण नसताना वजन उतरणं, भूक मरणं
• पन्नाशीच्या आसपास अचानक मधुमेह आणि सोबत वजन घटणं
• डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग फिका, अंगाला खाज
• दारू नाही, खडे नाहीत, तरी उतारवयात पहिल्यांदाच स्वादुपिंडाला सूज. कधी कधी आतली गाठच नळी अडवून सूज आणते

कावीळ झाली की झाडपाल्याचं औषध, माळ, पथ्य यात महिना निघून जातो. हा महिना फार महागात पडू शकतो. निदान होतं तेव्हा १०० पैकी १५ ते २० रुग्णांचीच गाठ शस्त्रक्रियेनं काढता येण्यासारखी असते. बाकीच्यांना उशीर झालेला असतो.

काय करायचं?

सोनोग्राफीत गॅसमुळं स्वादुपिंड नीट दिसेलच असं नाही. त्यामुळं ती 'नॉर्मल' आली आणि त्रास कायम राहिला, तर सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा. दारू पूर्ण बंद करा. बिडी-सिगारेट सोडाच, पण मळलेली तंबाखू आणि मिश्रीही सोडा. बिनधुराच्या तंबाखूमुळंही हा कर्करोग होतो. पित्ताशयातल्या खड्यांमुळं एकदा सूज आली असेल तर ऑपरेशन पुढं ढकलू नका. जुनाट दाहाच्या रुग्णांनी दुखणं थांबलं तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये.

खर्चाच्या भीतीनं घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्रा'ला भेटा.

(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)